बारापैकी आठ

काकांच्या घरात ‘छान’ हा शब्द चालत नसे. कॉफी पिऊन किंवा पोहे खाऊन कुणी ‘छान’ म्हटलं, की ते हातातला चमचा खाली ठेवून विचारत, “छान म्हणजे किती? दहापैकी आकडा सांग.” आकडा सांगितला की लगेच दुसरा प्रश्न येई, “आणि बाकीचे कुठे गेले?” सात दिले असतील, तर तीन का कापले ते सांगावं लागे. नवा पाहुणा गोंधळून जाई. बरेच जण दुसऱ्यांदा येत नसत. काकांना त्याचं वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही.

न्यू जर्सीत पिस्कॅटवेला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी, बायको आणि नंतर झालेली आमची मुलगी, असे आम्ही पाच वर्षं आणि अकरा दिवस भाड्याने राहिलो. २००१च्या ऑक्टोबरात आलो आणि २००६मध्ये तिथून निघालो. पुढे २००८मध्ये एका सकाळी टेक्सासहून त्यांच्या मुलीचा फोन आला. काका गेल्याचं तिने सांगितलं आणि मग म्हणाली, “बाबांच्या वह्या आहेत. टोटल एकोणीस. एकीवर तुमचं नाव लिहिलंय. पाठवू का?” ती वही आत्ता माझ्यासमोर आहे. हिरव्या पुठ्ठ्याची आहे. पानांना छापील क्रमांक आहेत, म्हणजे एखादं पान फाडलं तर लगेच कळावं.

काका वास आणि चवी तयार करणाऱ्या एका कंपनीत सव्वीस वर्षं केमिस्ट होते. दह्यातली स्ट्रॉबेरी, टूथपेस्टमधला पुदिना, बिस्किटातलं लोणी, यातलं काहीही प्रत्यक्षात नसताना ते आहे असं वाटायला लावणं हे त्यांचं काम. ते स्वतःच म्हणत, “मी सव्वीस वर्षं खोटं बनवलं. म्हणून खरं लवकर ओळखतो.” हापूसचा वास त्यांनी अकरा वेळा करून पाहिला होता. अकराव्यालाही स्वतः सहाच आकडा दिला आणि तो नाद सोडला.

आम्ही जागा बघायला आलो तेव्हा त्यांनी आधी कॉफी दिली. खोल्या नंतर दाखवल्या. काळी कॉफी, साखर समोर ठेवलेली, पण पहिले तीन घोट तिला हात लावायचा नाही असं बजावलेलं. मग आकडा विचारला.

“सहा,” मी म्हणालो. टेबलाखालून बायकोने माझ्या पायावर पाय दिला.

“चार कुठे गेले?”

“पहिल्या घोटाला चांगली होती. निवल्यावर आंबट लागली.”

काकांनी माझ्या कपातला एक चमचा घेऊन चाखला, थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं आणि खिशातून वरच्या मजल्याची किल्ली काढून टेबलावर ठेवली. आमच्याआधी दोन कुटुंबं जागा बघून गेली होती, हे मला नंतर कळलं. दोघांनीही कॉफीला ‘एक्सलंट’ म्हटलं होतं. काका म्हणाले, “उद्या नळ गळला तरी ते एक्सलंटच म्हणतील, आणि माझं छत कुजेल.”

माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. दुसऱ्यांनी लिहिलेलं कुठे मोडतं ते शोधायचं आणि नोंद करायची. त्यामुळे मला आकडा सांगणं जड गेलं नाही. दर शनिवारी सकाळी साडेनऊला मी खाली जाई. काका कॉफी करत, मी आकडा सांगे आणि वहीत लिहून सही करे. पाच वर्षांत मी त्यांना एकदाही नऊ दिले नाहीत. साडेआठ तीनदा दिले. ते स्वतःला साडेसातच्या वर जाऊ देत नसत.

खाण्यापिण्याबद्दलची त्यांची मतं ठाम होती आणि ती ते न विचारता सांगत. पोहे ताटलीत आल्यापासून चार मिनिटांत खायचे. त्यानंतर ते पोहे राहत नाहीत, नुसता नाश्ता होतो. आमटीत हिंग असावा, पण हिंग आहे हे कळू नये. पाहुण्याने लोणचं मागितलं, की तो आमटीला दिलेला आकडा समजावा. कॉफीत जायफळ घालतात ते लग्नाच्या गर्दीला कॉफीची चव कळू नये म्हणून. पेट्रोल पंपावरची कॉफी सकाळी साडेसहाला दहापैकी सहा असते, आणि तेच भांडं दहा वाजता दोनावर येतं. “त्यात कॉफीचा काय दोष? तिला ताटकळत ठेवलं त्याचा दोष.” ओक ट्री रोडवरच्या हॉटेलात आम्ही त्यांना एकदा बुफेला नेलं होतं. त्यांनी ताटात फक्त वरण आणि भात घेतला. बायको म्हणाली, “काका, एवढे पदार्थ आहेत, घ्या ना!” ते म्हणाले, “अकरा जण एकदम बोलायला लागले तर तुला कुणाचं ऐकू येईल?”

कॉफीचे हिरवे दाणे ते टपालाने मागवत आणि स्वतः भाजत. त्यासाठी गॅरेजमध्ये मक्याच्या लाह्या करायचं एक जुनं यंत्र होतं, गरम हवेवर चालणारं. दार उघडं ठेवून ते यंत्र सुरू करत. शेंगदाण्याच्या सालीसारखी तांबूस टरफलं उडून थेट रस्त्यापर्यंत जात. थोड्या वेळाने दाणे तडतडू लागत. शेजारी मी स्टॉपवॉच धरून उभा असे. पण काका कधी घड्याळाकडे बघत नसत आणि दाण्यांच्या रंगाकडेही नाही. डोळे मिटून उभे राहत आणि अचानक “बास!” म्हणून बटण बंद करत. मी वेळ लिहून घेई. कधी सहा मिनिटं दहा सेकंद, कधी सहा चाळीस. मी एकदा विचारलं, “सरासरी काढून तेवढाच वेळ का ठेवत नाही?” ते म्हणाले, “घड्याळ तुझ्यासाठी आहे. हवा दमट आहे की कोरडी, ते त्याला काय माहीत?”

त्यांच्या जुन्या कामातली एक पद्धत आमच्याकडेही जेवणाच्या टेबलावर आली होती. तिला ते ‘ट्रँगल’ म्हणत. तीन वाट्या ठेवायच्या. दोनांत एकच पदार्थ आणि तिसरीत जरासा वेगळा. वेगळी कोणती ते ओळखायचं. प्रयोगशाळेत हे लाल दिव्याखाली करतात, म्हणजे रंगावरून कळू नये. एकदा त्यांनी बायकोसमोर आमटीच्या तीन वाट्या ठेवल्या. दोनांत गूळ, एकीत साखर. बायको नागपूरची. ती म्हणाली, “काका, मला भूक लागली आहे. परीक्षेचा अभ्यास नाही केला मी.” पण ओळखली. ते खूश होऊन म्हणाले, “तुझं नाक चांगलं आहे. तुझ्या नवऱ्याचं साधारण आहे, पण तो खरं सांगतो.”

दुसरी पद्धत वहीची. एकदा सात लिहिल्यावर माझा विचार बदलला आणि मी त्यावर गिरवून साडेसहा करू लागलो. त्यांनी माझा हात धरला. “गिरवायचं नाही आणि खोडायचंही नाही. चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर आकडा लिहायचा, सही करायची, तारीख घालायची. माणूस चुकतोच. चूक कधी कळली, ते वहीत असलं पाहिजे.”

२००६च्या जानेवारीत काका गॅरेजसमोरच्या बर्फावर घसरून पाठीवर पडले. डोक्याला मागच्या बाजूला पाच टाके पडले. फोटो काढले, सगळं ठीक निघालं. आठवड्याभरात ते हिंडूफिरू लागले. त्यांच्या मुलीने फोनवर टेक्सासला यायचा आग्रह धरला. ते तिला म्हणाले, “तुझ्याकडे पाणी जड आहे, कॉफी होत नाही.”

त्यानंतरच्या शनिवारी मी सात दिले. पुढच्या शनिवारी सात, मग सहा, मग साडेपाच. दाणे जास्त भाजले गेले होते. मी तसं सांगितलं. पूर्वी त्यांनी वाद घातला असता, माझा कप ओढून घेऊन चाखला असता. आता ते नुसतं “बरं” म्हणत. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी गॅरेजमध्ये माझ्या लक्षात आलं, की ते माझ्या हातातल्या स्टॉपवॉचकडे बघताहेत. सहा मिनिटं वीस सेकंद झाल्यावर त्यांनी बटण बंद केलं. “बास” म्हणाले नाहीत.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी जिन्यात दूध करपल्याचा वास आला. मी धावत खाली गेलो. काका स्वयंपाकघरातच, शेगडीपासून चार पावलांवर, पेपर वाचत बसले होते. भांडं काळं झालं होतं. मी गॅस बंद केला. त्यांनी आधी माझ्याकडे, मग भांड्याकडे बघितलं, आणि पेपराची घडी घातली.

“रविवारी वेळ आहे का तुला?” त्यांनी विचारलं. “मला एक ट्रँगल लावून दे. बारा वेळा.”

मी समोर बसलो. ते नेहमीच्या आवाजात बोलत होते.

“नुसत्या अंदाजाने सांगितलं तरी तिनातलं एक बरोबर येतं. म्हणजे बारापैकी चार कुणालाही मिळतात. आठ मिळाले तर आमच्याकडे माणूस पास. आठच्या खाली आलो, तर मी या घरात गॅस ठेवणार नाही. गॅसला स्वतःचा वास नसतो, माहीत आहे ना? माझ्यासारखाच कुणीतरी तो त्यात घालतो, गळला तर कळावा म्हणून. मला कळणार नसेल, तर वर तुमची पोरगी झोपते.”

“आणि गॅस नसला तर तुम्ही...”

“ते नंतर बघू. मुलगी बोलावतेच आहे.”

रविवारी दुपारी मी छत्तीस कागदी कप मांडले. प्रत्येकावर त्यांच्या रीतीप्रमाणे तीन आकडी क्रमांक घातला. सगळ्यांत तीच फिकी कॉफी, आणि तिनातल्या एकात वेलची भिजवलेलं पाणी थोडंसं. मी आधी स्वतः करून पाहिलं. वेलचीचा कप मला हातभर अंतरावरून कळत होता. मी म्हणालो, “काका, हे फार सोपं आहे.”

“सोपंच पाहिजे,” ते म्हणाले.

त्यांनी दिव्याला लाल जिलेटिनचा कागद लावला आणि खुर्ची सरळ करून बसले. प्रत्येक कप ते नाकाशी नेत, डोळे मिटत, खाली ठेवत, एक घोट घेऊन थुंकत, पाण्याने चूळ भरत आणि क्रमांक सांगत. घाई केली नाही. पहिला चुकला. दुसरा चुकला. तिसरा बरोबर आला आणि मला आशा वाटली. मग चौथा, पाचवा आणि सहावा चुकले. सातव्या वेळी वेलचीचा कप त्यांनी इतका जवळ नेला की नाकाच्या शेंड्याला कॉफी लागली. तरी त्यांनी तो बाजूला ठेवून दुसऱ्याच कपाचा क्रमांक सांगितला. सगळं मिळून पन्नास मिनिटं लागली.

मी बेरीज केली. चार. दुसऱ्यांदा केली. चारच.

“किती?”

मी आयुष्यात कामाच्या कागदावर खोटा आकडा लिहिलेला नव्हता. चार म्हटलं की हा माणूस हे घर, हे टेबल, सगळं सोडून जाणार, आणि त्याला ते माझ्या तोंडून कळणार, एवढंच त्या क्षणी मला दिसत होतं. लाल उजेडात त्यांच्या नाकावरचा कॉफीचा डाग अजून तसाच होता. त्यांनी तो पुसला नव्हता, सगळं लक्ष कपांतच होतं.

“आठ,” मी म्हणालो. नऊ किंवा दहा म्हणायचं धाडस झालं नाही. पास व्हायला लागतात तेवढेच दिले.

“आठ?”

“आठ.”

“लिही,” ते म्हणाले. मी वहीत लिहिलं, ‘१२ पैकी ८’, आणि सही केली. दर वेळी चूक-बरोबरची खूण केलेला कागद घडी घालून खिशात टाकला. त्यांनी तो मागितला नाही. उठले, दिव्याचा लाल कागद काढला आणि छत्तीस कप एकेक करून कचऱ्यात टाकले.

त्याच संध्याकाळी शेजारच्या एडिसनला भाजी आणायला जाताना मी गाडीत बायकोला सांगितलं.

“तुला कळतंय का तू काय केलंस?” ती म्हणाली. “त्यांच्या डोक्यावर आपण झोपतो. ही झोपते.” मागच्या सीटवर मुलगी झोपली होती.

“मला त्यांच्याकडे बघून...”

“बघू नको ना मग. आकडा सांगायला सांगितला होता त्यांनी तुला. तेवढंच तर येतं तुला. परत गेल्यावर सांग.”

“शनिवारी सांगतो. नीट बसून.”

मी सांगितलं नाही. रोज संध्याकाळी काही तरी निमित्त काढून खाली जाऊन शेगडीची बटणं बघून यायचो. बायकोने वाट बघितली नाही. मंगळवारी तिने गॅस गळला तर वाजणारा अलार्म आणला आणि खालच्या जिन्यात, जमिनीपासून वीतभर उंचीवर, स्वतः भिंतीला लावला.

शनिवारी साडेनऊला मी खाली गेलो तेव्हा प्लंबर आलेला होता. गॅसची नळी तोडून तिचं तोंड बंद करत होता. ओट्यावर विजेची शेगडी नव्या खोक्यातून काढून ठेवलेली होती. माझ्यामागून बायको जिना उतरून आली. काका तिला म्हणाले, “तो अलार्म तू लावलास ना? खाली लावलास. आपल्याकडे सिलिंडरचा गॅस जड असतो, तो जमिनीलगत बसतो. इथला नळाचा गॅस हलका, वर जातो. पुन्हा लावशील तेव्हा छताजवळ लाव.”

“हो काका,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

मग ते ओट्याकडे वळले. विजेच्या शेगडीवर पाणी तापवलं, कॉफी केली आणि कप माझ्यासमोर ठेवला. मी पहिला घोट घेतला. वही टेबलावर नव्हती.

“छान आहे ना?” त्यांनी विचारलं.

मला वाटलं, गंमत करताहेत. तसं नव्हतं. वाकडेपणाही नव्हता. कुठल्याही घरात कुणीही पाहुण्याला विचारावं, तसं त्यांनी विचारलं होतं.

“छान आहे,” मी म्हणालो.

त्यानंतर सात महिने दर शनिवारी मी खाली गेलो, तीस वेळा कॉफी प्यायलो, आणि तीस वेळा हेच बोलणं झालं. कॉफी कधी साधारण असे, कधी जळकी. ते सौजन्याने विचारत, मी सौजन्याने उत्तर देत असे. हवापाण्याच्या गप्पा होत. आमच्या मुलीला ते पूर्वी दुधाचा आकडा विचारत, ती “टेन!” म्हणे आणि ते म्हणत, “दहा कुणालाच मिळत नाही.” तेही थांबलं. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला इतरांच्यात नेऊन बसवलं होतं, एवढंच.

ऑक्टोबरात घर विकायचं ठरलं. आम्हाला एडिसनला जागा मिळाली. टेक्सासला जायच्या आदल्या दिवशी काकांनी मला बोलावलं. सामान बांधून झालं होतं. बाहेर फक्त दोन कप, एक भांडं आणि विजेची शेगडी होती. त्यांनी कॉफी केली. त्या दिवशीही दाणे घड्याळावरच भाजलेले होते.

“छान आहे ना?”

“नाही,” मी म्हणालो. “साडेचार.”

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, “बाकीचे?”

“दाणे अर्धं मिनिट जास्त भाजले गेलेत. पाणी उकळतं तसंच ओतलंत. पूर्वी चाळीस सेकंद थांबायचात. आणि भांड्याला साबण राहिलाय.”

“साबण?”

“हो.”

त्यांनी भांडं उचलून उगाच नाकाशी नेलं आणि खाली ठेवलं. “साबण,” पुन्हा म्हणाले. मग आतल्या खोलीत गेले, एक बांधलेलं खोकं सोडल्याचा आवाज आला, आणि हिरवी वही घेऊन आले. पान शोधावं लागलं नाही. तिथे खूण घातलेली होती.

“त्या दिवशीचा मूळ कागद कुठे आहे?”

“वर. पाकिटात आहे.”

“टाकला नाहीस?”

“नाही.”

“आण.”

मी आणला. त्यांनी चष्मा लावून बारा ओळी एकेक करून बोटाने वाचल्या. सातव्या ओळीवर बोट जरा थांबलं. मग कागद त्यांनी त्या पानाला स्टेपल केला आणि वही माझ्याकडे फिरवली. पेन दिलं. काय करायचं ते मला माहीत होतं. आठवर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. बाजूला चार लिहिलं, सही केली, तारीख घातली.

काकांनी पुढचं कोरं पान काढलं.

“आता आजची लिही,” ते म्हणाले. “साडेचार. आणि साबण लिहायला विसरू नकोस.”